विसाराची अंगठी

वाचन : उत्पत्ति २४:१-५८; उत्पत्ति ३८:१२-२६; २ करिंथ १:१८-२२



घरात मुलाची अथवा मुलीची मागणी ठरली की आनंदाच्या पहिल्या भरात जो प्रश्न पुढे येतो तो अंगठीचा. किती ग्रॅमची घ्यावी, खडा असावा की नसावा, मुलाकडच्यांनी काय घालायचे आणि मुलीकडच्यांनी काय, मागच्या वर्षी अमक्यांच्या साखरपुड्यात हिरा होता मग आपण काय करावे, अशी चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. पाळकांना दिवस विचारला जातो, सभागृह ठरते, जेवणाचे ठरते. परंतु अंगठी ही वस्तू आपण मुळात का देतो, हे कोणी कोणास फारसे विचारीत नाही. ज्यांना या वर्षी आपल्या भावी जोडीदारासाठी अंगठी निवडावयाची आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा पाठ आहे.

साखरपुडा ह्या आपल्या शब्दात अंगठी नाही हे आपल्या ध्यानात आले आहे काय? त्यात साखर आहे आणि पुडा आहे. चारचौघांच्या देखत शब्द दिला, तोंड गोड केले, की मागणी पक्की झाली. अंगठी ह्या शब्दाभोवती नंतर येऊन बसली. ती आली म्हणून काही बिघडले नाही. पण शब्द आधी आणि सोने नंतर, हा क्रम ध्यानात ठेवूनच आपण पवित्र शास्त्राकडे वळू.

रिबकेची नथ

अब्राहामाचा वृद्ध दास अराम देशात जातो आणि विहिरीवर त्याला रिबका भेटते. ती त्याला व त्याच्या उंटांना पाणी पाजते. तेव्हा तो अर्ध्या शेकेलाची सोन्याची नथ आणि दहा शेकेल वजनाच्या दोन बांगड्या काढतो. शेकेल म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम, जवळजवळ आपला एक तोळा. म्हणजे नथ अर्ध्या तोळ्याची आणि बांगड्या दहा तोळ्यांच्या. दान थोडेथोडके नव्हे. ह्या अध्यायाचा आधार घेऊन मागणीस भरपूर सोने घालण्याचे समर्थन केल्याचे आपण ऐकले असेल.

परंतु अध्याय सावकाश वाचा. विहिरीवरची नथ ही मागणीची खूण नव्हे. त्या वेळी ही मुलगी कोणाची हेही त्याला नीट कळलेले नाही आणि मागणीचा शब्दही निघालेला नाही. तान्हेल्या प्रवाशाला व त्याच्या दहा उंटांना पाणी पाजणाऱ्या मुलीच्या श्रमांची ती कदर आहे. पुढे घरी गेल्यावर, समोर अन्न वाढले असताही, आपला निरोप सांगितल्याशिवाय तो घास घेत नाही. लाबान आणि बथुवेल होकार देतात. मग दास भूमीस लवून परमेश्वराचे भजन करतो, आणि त्यानंतरच सोन्यारुप्याचे दागिने व वस्त्रे बाहेर निघतात (वचने ५० ते ५३). दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष निघण्याची वेळ येते तेव्हा घरचे लोक रिबकेला बोलावून तिलाच विचारतात, आणि ती जाण्यास तयार असल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगते.

निरोप, होकार, प्रार्थना, दागिने, आणि मग जिचे लग्न तिचे स्वतःचे उत्तर. ह्या यादीत दागिन्यांचा क्रमांक चौथा आहे, आणि मुलीचा शब्द मिळेपर्यंत काम पुरे झालेले नाही. आपल्याकडे अनेक घरांत दागिना पहिला येतो आणि मुलीला विचारणे राहूनच जाते.

यहूदाची मुद्रा

आता एका अप्रिय अध्यायाकडे येऊ. उपासनेत तो क्वचितच वाचला जातो. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात यहूदा आपल्या विधवा सुनेला, तामारेला, धाकट्या मुलाशी लग्न लावून देण्याचा शब्द देतो आणि पाळीत नाही. तामार चेहरा झाकून रस्त्याच्या कडेला बसते. यहूदा तिला न ओळखता तिच्याजवळ जातो आणि एक करडू पाठवण्याचे कबूल करतो. करडू येईपर्यंत तारण म्हणून ती त्याची मुद्रा, गोफ आणि हातातली काठी मागून घेते. त्या काळी मुद्रा म्हणजे माणसाची सही. ती गोफात ओवून गळ्यात बाळगीत किंवा अंगठीसारखी बोटात घालीत.

ह्या तारणासाठी इब्री भाषेत जो शब्द आला आहे तो एराबोन. फिनिशियन व्यापाऱ्यांच्या द्वारे तो ग्रीक भाषेत गेला आणि अर्राबोन झाला. आता २ करिंथ १:२२ आणि इफिस १:१४ काढा. देवाने आपल्या अंतःकरणात पवित्र आत्मा दिला आहे, तो कशाच्या रूपाने, हे सांगण्यासाठी प्रेषित पौल हाच शब्द वापरतो. आपल्या मराठी शास्त्रात तेथे विसार हा शब्द आहे. जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारात पुढची रक्कम देण्याआधी जी रक्कम हातावर ठेवतात तो विसार. आजच्या ग्रीक भाषेत ह्याच शब्दाचा अर्थ वाङ्‌निश्चय असा आहे. ग्रीक तरुण मागणी करतो तेव्हा तो अर्राबोनच करीत असतो. इ. स. ८६६ मध्ये पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियातील नव्या ख्रिस्ती लोकांच्या प्रश्नांना लांबलचक उत्तर पाठविले. त्यात वाङ्‌निश्चयाची अंगठी कशी घालतात हे सांगताना त्यांनी तिला लॅटिन भाषेत अर्रा म्हटले आहे. तो ह्याच शब्दाचा संक्षेप आहे.

तेव्हा मागणीची अंगठी म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शास्त्रातच पडून आहे. ती विसार आहे.

येथे एखादी वाचक भगिनी म्हणेल की विसार तर खरेदीचा असतो, मुलगी काय विकत घ्यावयाची वस्तू आहे? आक्षेप खरा आहे, आणि रोमन समाजात अशा व्यवहाराला खरेदीचा वास होताच. परंतु पौल काय म्हणतो ते पाहा. देव विसार देतो तेव्हा तो आपल्याला बांधून घालीत नाही; तो स्वतःला बांधून घेतो. अमुक इतके दिले आहे, उरलेले देणे माझ्याकडे लागू आहे, अशी ती देणाऱ्याची कबुली आहे. यहूदाचेही तेच झाले. तामार गरोदर आहे असे कळल्यावर तिला जाळून टाका असा हुकूम त्याने सोडला. तिने मुद्रा, गोफ आणि काठी त्याच्यापुढे पाठविली. तेव्हा ती आपल्यापेक्षा अधिक नीतिमान आहे हे त्याला सर्वांसमक्ष म्हणावे लागले. विसार हा घेणाऱ्याच्या हातात राहतो आणि वेळ आली तर देणाऱ्याविरुद्ध साक्ष देतो. साखरपुड्यात दोघेही एकमेकांच्या बोटात अंगठी घालतात, म्हणून दोघेही देणारे आणि दोघेही बांधलेले.

विसाराला आणखी एक बाजू आहे. विसार दिला म्हणजे घराचा ताबा मिळाला असे होत नाही. मरीयेची योसेफाला मागणी झालेली होती, पण ती दोघे एकत्र आली नव्हती असे मत्तय सांगतो. यहूदी रीतीप्रमाणे ती मागणी इतकी पक्की असे की मोडावयाची झाल्यास सूटपत्रच द्यावे लागे. म्हणूनच तिला गुपचूप सोडण्याचा विचार योसेफाच्या मनात आला. बांधलेले आहोत, तरी अजून एकत्र नाही; ह्या दोन्ही गोष्टी एकाच अंगठीत असतात. आपल्या काळातील तरुणांना पहिली गोष्ट जड जाते की दुसरी, हे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे.

तंजावरची एक मराठी स्त्री

विसार कधी दिलाच गेला नाही अशा नात्याचे काय होते? ह्यासाठी आपण तंजावरास जाऊ, कारण तेथील एका मराठी स्त्रीची हकीकत आपल्या मंडळ्यांत ठाऊक असावयास हवी आणि ती फारशी ठाऊक नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. कावेरीच्या त्या तमिळ मुलुखात दरबाराचे दप्तर मोडी लिपीत चाले. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा मराठी शिलालेख कोरविला तो आजही आहे. ह्याच नगरात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन लुथरन मिशनरी आपल्या आयुष्याची शेवटची वर्षे राहिला. १७५० मध्ये तो तरंगमबाडी येथे उतरला आणि १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरात वारला. त्याने लग्न केले नाही.

ह्या श्वार्ट्झकडे एक मराठी ब्राह्मण विधवा बाप्तिस्म्याची इच्छा घेऊन आली. पतीच्या चितेवर चढण्याच्या प्रसंगातून लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला वाचविले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. त्याच्याबरोबर ती राहू लागली. त्याने तिला इंग्रजी शिकविले आणि ख्रिस्ती धर्माची तत्त्वेही शिकविली. मात्र दोघांचे विधिपूर्वक लग्न झालेले नव्हते. म्हणून श्वार्ट्झने तिला बाप्तिस्मा नाकारला. तो अधिकारी मरण पावल्यावर १७७८ मध्ये तिरुनेलवेलीजवळच्या पाळयंकोट्टै येथे श्वार्ट्झने तिला बाप्तिस्मा दिला. तिचे ख्रिस्ती नाव क्लारिंदा.

पुढची हकीकत मोठी आहे. १७८० मध्ये तेथील लहानशा मंडळीची जी नोंद झाली तीत चाळीस नावे आहेत आणि पहिले नाव क्लारिंदेचे आहे. तिच्या खटपटीने तेथे पक्के मंदिर उभे राहिले. १७८५ मध्ये श्वार्ट्झने येऊन त्याची प्रतिष्ठापना केली. तिरुनेलवेलीची मंडळी पुढे दक्षिण भारतातील मोठ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी एक झाली. तिच्या पायाशी तंजावरची एक मराठी बाई आहे. तमिळ लेखक अ. माधवय्या यांनी १९१५ मध्ये तिच्यावर इंग्रजीत एक कादंबरी लिहिली; मराठीत आपण तिला जवळजवळ विसरलो आहोत.

परंतु आपला विषय मागचाच आहे. श्वार्ट्झने नकार दिला त्यात मंडळीच्या शिस्तीची चाड होती हे मान्य करूनही, माझे मत असे आहे की त्या न्यायाचा भार चुकीच्या खांद्यावर पडला. बाप्तिस्मा झालेला तो होता. लग्नाचा शब्द त्याच्याकडून यावयाचा होता, साक्षीदार त्याने उभे करावयाचे होते. तिच्याजवळ आसरा होता, विद्या होती, बहुधा प्रेमही होते; चारचौघांत दाखविता येईल असा विसार मात्र नव्हता. तामारेजवळ निदान मुद्रा तरी होती. द्वार बंद झाले ते बाईसाठी, आणि ते तो पुरुष मरेपर्यंत बंद राहिले.

ही अठराव्या शतकातील गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आजही दोन-दोन, तीन-तीन वर्षे मुलीला बरोबर घेऊन फिरणारा, पण घरी सांगण्याची वेळ आली की नोकरी, बहिणीचे लग्न, आईची प्रकृती अशी एकेक कारणे काढणारा तरुण आपल्या तरुणसंघात असतोच. मग कुजबुज होते ती मुलीविषयी. अशा तरुणाने अंगठी घ्यावी. ती चांदीची असली तरी चालेल, पण ती लोकांसमक्ष घालावी. आणि घालावयाची नसेल तर मुलीला तसे स्पष्ट सांगावे.

श्वार्ट्झच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १७८७ मध्ये मृत्युशय्येवरील तुळजा राजांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी ह्याला श्वार्ट्झच्या हाती सोपविले. गादी मात्र अमरसिंगाकडे गेली. श्वार्ट्झने मुलाला शिकविले, त्याच्या जिवाला धोका दिसला तेव्हा मद्रासला ठेवण्याची व्यवस्था केली आणि त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारकडे सतत लिहीत राहिला. सरफोजी गादीवर बसला तो १७९८ मध्ये, श्वार्ट्झ वारल्यानंतर काही महिन्यांनी. दिलेला शब्द अकरा वर्षे पाळला आणि त्याचे फळ डोळ्यांनी पाहिले नाही. तंजावरात शिवगंगा बागेजवळच्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये सरफोजींनी इंग्लंडातील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प आहे. त्यात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि राजाने त्याचा हात आपल्या हातात धरला आहे. कधी तंजावरास गेलात तर मोठे देऊळ आणि सरस्वती महाल पाहून परत फिरू नका. हे चर्चही पाहा.

ताली, मंगळसूत्र आणि अंगठी

अंगठी परक्यांची, मंगळसूत्र आपले; मग ख्रिस्ती माणसाने काय घालावे, असा वाद आपल्याकडे होतो तसा तमिळ मंडळ्यांतही झाला, आणि फार पूर्वी झाला. १७०४ मध्ये पोपचा प्रतिनिधी तूर्नों ह्याने पाँडिचेरी येथे एक हुकूम काढला. ख्रिस्ती स्त्रियांच्या तालीवर पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, आकृती असे; ती ताली त्याने मना केली आणि तिच्याऐवजी क्रूस, ख्रिस्त किंवा मरीया यांचे चिन्ह असलेले पदक घालण्यास मोकळीक दिली. हुकूम अनेक बाबतींत कठोर होता आणि त्यावरून पुढे कित्येक वर्षे भांडणे झाली. पण तालीच्या बाबतीत त्याने वस्तू काढून घेतली नाही, तिच्यावरचा ठसा बदलला. आज तमिळनाडूत कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, बहुतेक ख्रिस्ती नवऱ्या चर्चमध्ये वेदीपुढे ताली बांधून घेतात. तिच्यावर क्रूस, पवित्र शास्त्र किंवा कबुतर असते. अनेकदा अंगठीही त्याच वेळी घालतात. आपल्याकडे काळ्या मण्यांत क्रूसाचे पदक ओवलेले मंगळसूत्र दिसते ते ह्याच वळणाचे.

इंग्लंडात नेमका उलटा वाद होता. तेथे अंगठी जुनी होती, आणि प्युरिटन लोकांनी १६०३ मध्ये राजाकडे अर्ज करून लग्नविधीतून ती काढून टाकावी असे मागितले. अंगठी काही गेली नाही. आपल्या देशातील १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्न कायदेशीर होण्यासाठी अंगठी लागते असे कोठेही नाही. साक्षीदार लागतात आणि मुखाने उच्चारलेले शब्द लागतात. म्हणून अंगठीसाठी भांडू नये आणि अंगठीविरुद्धही भांडू नये.

पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लोक अंगठी कशी निवडीत, ह्याचा मजेदार पुरावा आहे. रोमन लोकांत वाग्दत्त वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवीत असे पहिल्या शतकातला प्लिनी लिहितो. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा मंडळीचा गुरू सुमारे इ. स. २०० मध्ये सांगतो की स्त्रीला सोन्याची अंगठी द्यावी ती नटण्यासाठी नव्हे, तर घरातील जिन्नसांवर मोहोर करण्यासाठी, कारण घराची राखण तिच्याकडे असते. अंगठी म्हणजे त्याच्या दृष्टीने घराची किल्लीच. आणि मोहोर कसली असावी? कबुतर, मासा, वाऱ्यावर चाललेले गलबत, वीणा किंवा नांगर. तलवार आणि धनुष्य नको, कारण आपण शांतीच्या मार्गाचे. मद्याचा प्यालाही नको. पेढीवर कॅटलॉग चाळताना आपल्यापैकी कितीजण असा विचार करतात?

हिऱ्याची अंगठी ह्यामानाने अगदी अलीकडची. १४७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली हे उदाहरण नेहमी सांगतात, पण ते राजेलोक. सामान्य माणसाला हिरा लागतोच असे वाटू लागले ते डी बिअर्स कंपनीच्या जाहिरातींमुळे. हिरा चिरकाल टिकतो हे तिचे घोषवाक्य १९४७ चे, आणि अंगठीला दोन महिन्यांचा पगार घालावा हा हिशेबही जाहिरातीतूनच आला. तो शास्त्रात नाही, कोणत्याही मंडळीच्या उपासनाग्रंथात नाही आणि आपल्या आजीच्या तोंडीही नव्हता.

पेढीवर जाण्यापूर्वी

आता व्यवहाराचे बोलू, कारण भोळेपणा हा आत्मिक गुण नव्हे.

पहिली गोष्ट, अंगठी कर्जाने घेऊ नका. विसार म्हणून दिलेली वस्तू जर स्वतःच दुसऱ्याच्या पैशाची असेल तर तो विसार कसला? लग्नानंतर पहिले वर्षभर जे हप्ते फेडावे लागतात ते त्या दोघांनाच फेडावे लागतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलाला अमुक ग्रॅमची अंगठी घातली पाहिजे, असे मुलाकडून सांगितले जाते तेव्हा ती अंगठी राहत नाही, हुंडा होतो. तमिळ मुलुखात हा हिशेब पवनांत चालतो, एक पवन म्हणजे आठ ग्रॅम, आपल्याकडे तोळ्यांत चालतो, पाप तेच. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याप्रमाणे नुसत्या मागणीलाही सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि देण्याघेण्याला निदान पाच वर्षे. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटींना कायद्याची हरकत नाही. त्यांची लेखी यादी मात्र ठेवावयाची असते. साखरपुड्याला प्रार्थना करावयास बोलावलेल्या पाळकांनी ह्या गोष्टीकडे डोळेझाक करू नये. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभास्थानात येणारा तो सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आठवावा. त्याला पुढची जागा देणारे लोक मंडळीतलेच होते.

सोन्याविषयी थोडे. बावीस कॅरटचे सोने हजारात ९१६ भाग शुद्ध, अठरा कॅरटचे ७५० भाग. साधे वळे घ्यावयाचे असेल तर बावीस कॅरट योग्य. खडा बसवायचा असेल तर बावीस कॅरट मऊ पडते, कोंदण सैल होऊन खडा गळतो. तेथे अठरा कॅरट बरे. भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क २००० सालापासून आहे, १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी-अंकी क्रमांक आवश्यक आहे. तो भिंगातून स्वतः पाहा आणि पावतीवर लिहून घ्या. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला ही सक्ती नाही. बारीक अंगठी घेणाऱ्याने म्हणूनच ओळखीच्या सचोटीच्या सोनाराकडे जावे. खड्याच्या अंगठीत सोन्याचे निव्वळ वजन वेगळे आणि खड्याचे वेगळे लिहिलेले असावे. खड्याला सोन्याचा भाव लागता कामा नये. घडणावळ किती आणि घट किती धरली हे आधी विचारा. त्यात संकोच नको.

प्रयोगशाळेत तयार झालेला हिरा आता पुष्कळ स्वस्त मिळतो. तो काच नव्हे. खाणीतल्या हिऱ्यासारखाच तो शुद्ध कार्बन आहे. विकावयास गेल्यास फारसे परत येत नाही, पण मागणीची अंगठी विकण्यासाठी कोण घेतो? खाणीचा म्हणून खोटे सांगून तो देऊ मात्र नये. तंजावरची चित्रे तुम्ही पाहिली असतील. फणसाच्या फळीवर कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा उठाव, वर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. चित्रकार ती काच हिरा म्हणून विकीत नाही, म्हणून चित्राची किंमत कमी होत नाही.

आणि ज्याच्या बोटात अंगठी जावयाची त्याचा हात पाहा. आपल्या मंडळ्यांत परिचारिका पुष्कळ आहेत. उंच कोंदणाची अंगठी त्यांच्या हातमोज्यात अडकते, तो फाडते, आणि खड्याखाली मळ साचतो. त्यांना दर पाळीला ती काढून ठेवावी लागेल आणि एखाद्या दिवशी ती हरवेल. शिक्षिकेच्या हाताला खडू आहे, गृहिणीच्या हाताला कणीक, यंत्रावर काम करणाऱ्या मुलाच्या बोटातील अंगठी तर धोक्याचीच. त्याने ती कामावर गळ्यातल्या साखळीत घालावी. अंगठीचे माप सकाळच्या गारव्यात घेऊ नका. उन्हाने आणि कामाने बोटे सुजतात. संध्याकाळी घ्या, आणि सांध्यावरून सहज उतरते ना ते पाहा. मुलीला आश्चर्याचा धक्का देण्याची हौस सिनेमात शोभते. माझ्या मते दोघांनी मिळून पेढीवर जावे. रोज घालावयाची वस्तू आहे. तिची पसंती विचारली पाहिजे, जशी रिबकेला विचारली. शिवाय आपला जोडीदार पैशाविषयी कसा बोलतो, नाही कसे म्हणतो, सोनाराच्या नोकराशी कसा वागतो, हे त्या एका तासात जेवढे कळते तेवढे दहा भेटींत कळत नाही.

घरात आजीची जुनी अंगठी असेल तर ती वाढवून किंवा आटवून घेण्यास लाजू नका. आटवण्यापूर्वी वजन आणि कस लिहून घ्या, आणि शक्य असेल तर समोर बसून आटवून घ्या.

शेवटी कोरण्याचे. पुष्कळजण आतल्या बाजूस एकमेकांची नावे कोरून घेतात. सोनाराला देवनागरीत कोरता येते. इंग्रजीतच कोरावे असे नाही. काहीजण एखाद्या वचनाचा अध्याय आणि क्रमांक कोरतात, तेही छान. पण तारीख कोणती घालावी, मागणीची की लग्नाची, असे विचाराल तर मी म्हणेन की मागणीची आज कोरून घ्या आणि तिच्यापुढे तेवढीच जागा मोकळी सोडावयास सांगा. लग्न झाल्यावर त्याच सोनाराकडे जा. दहा मिनिटांचे काम आहे.